आरसा काढल्यानंतर

(दृश्य: टेबलावर दोन कॅमेरे, दोन्हींच्या लेन्स काढलेल्या. एक जाड, डोक्यावर उंचवटा असलेला. दुसरा त्याच्या निम्म्या जाडीचा.)

डावीकडच्या कॅमेऱ्यात डोकावलं की आत ४५ अंशांत कललेला छोटा आरसा दिसतो. लेन्समधून आलेला प्रकाश त्याच्यावरून वर जातो, वरच्या लोलकात वळतो आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबलं की आरसा खट्‌कन वर उचलला जातो आणि मागच्या सेन्सरवर प्रकाश पडतो. हा एसएलआर. उजवीकडच्या कॅमेऱ्यात यातलं काहीच नाही. लेन्स काढली की समोर थेट सेन्सर. हा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा.

मिररलेस वापरणाऱ्यांचं कौतुक ऐका, मग त्यांच्या तक्रारी ऐका. जवळजवळ सगळं या आरशाच्या रिकाम्या जागेपाशी येऊन पोहोचतं. जे आवडतं तेही त्यामुळेच, आणि जे खुपतं तेही.

आरशाला हलायला जागा लागते. म्हणून एसएलआरमध्ये लेन्सचं माउंट, म्हणजे लेन्स अडकवायचं कडं, सेन्सरपासून दूर ठेवावं लागतं. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफमध्ये ४४. ऑगस्ट २००८मध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी मायक्रो फोर थर्ड्स ही मिररलेस कॅमेऱ्यांची पद्धत जाहीर केली आणि हे अंतर १९.२५ मिलिमीटरवर आलं. त्याच वर्षीचा पॅनासॉनिक जी१ हा या पद्धतीचा पहिला कॅमेरा. आत आरसा नसूनही त्याचं रूप छोट्या एसएलआरसारखंच ठेवलं होतं! लोकांना एकदम दचकवायचं नसावं. २०१३ साल येईपर्यंत हा संकोच संपला. त्या वर्षीच्या पॅनासॉनिक जीएम१ची बॉडी ९८.५ मिलिमीटर रुंद, ५४.९ उंच आणि ३०.४ जाड. बॅटरी आणि कार्ड धरून वजन २०४ ग्रॅम.

(दृश्य: वजनकाट्यावर आधी बॉडी, मग लेन्स.)

कॅमेरा घेताना बहुतेक जण बॉडी पाहतात. मला वाटतं, पहिली फसगत इथेच होते. आरसा काढल्याने बॉडी आक्रसते, पण लेन्स किती मोठी होणार हे ठरतं सेन्सरच्या आकारावर, झूमच्या पल्ल्यावर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सच्या आतलं प्रकाशाचं भोक) किती उघडतं यावर; एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. २०१३चाच सोनीचा फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) अल्फा ७ घ्या. बॅटरी आणि कार्डासह ४७४ ग्रॅम, म्हणजे हलकाच. त्यावर सोनीचीच २४-७० मिलिमीटर, एफ २.८ अ‍ॅपर्चरची जी मास्टर झूम (पहिली, २०१६ची) चढवली की आणखी ८८६ ग्रॅम, एकूण १३६०. लेन्स बॉडीच्या जवळजवळ दुप्पट जड. दुसऱ्या बाजूला जीएम१ आणि त्याची आत मिटणारी १२-३२ मिलिमीटरची किट लेन्स (बॉडीसोबतच विकली जाणारी), दोन्ही मिळून २७४ ग्रॅम.

तुलना थोडी अन्यायाची आहे, मान्य. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट असतं, आणि मंद प्रकाशात हा फरक लपत नाही. एकाच काळातले दोन सेन्सर घेतले, तर लहान सेन्सरवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) ८००ला जेवढे दाणे दिसतात, तेवढे मोठ्यावर साधारण ३२००ला दिसतात. पण कॅमेरा हलका हवा म्हणून घेणाऱ्याने पाहायचा फरक २७४ आणि १३६० यांच्यातला आहे. बॉडीच्या जाहिरातीत तो नसतो.

अशा कॅमेऱ्यांच्या मालकांची वाटचाल पुष्कळदा एकाच वळणाने जाते. आधी बॉडी आणि किट लेन्स. मग लांब पल्ल्याची झूम, मग मोठ्या अ‍ॅपर्चरची आणखी एक. कॅमेरा पुन्हा बॅगेत जातो आणि बॅग घरी राहते. मग कधीतरी एखादी चपटी पॅनकेक लेन्स हाती लागते आणि कॅमेरा रोज बाहेर पडू लागतो. पॅनासॉनिकची २००९मधली २० मिलिमीटर, एफ १.७ लेन्स याच कारणाने लोकांच्या लाडाची झाली. वजन १०० ग्रॅम. किट झूमच्या लांब टोकाला अ‍ॅपर्चर एफ ५.६च मिळतं, त्याच्या दहापटीहून जास्त प्रकाश ही चपटी लेन्स आत घेते. तिचा ऑटोफोकस मंद आहे, मोटर कुरकुरते, हे तिचे चाहतेही कबूल करतात. तरी ती विकायला काढताना हात मागे घेतात.

(दृश्य: व्ह्यूफाइंडरमधून दिसणारी खिडकी. डायल फिरतो तसं चित्र उजळतं आणि काळवंडतं.)

आरसा गेला तसा काचेतून थेट दिसणारा देखावाही गेला. आता व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्यासमोर असतो तो छोटा पडदा, आणि त्यावर सेन्सरला जे दिसतंय ते. एसएलआर सोडून आलेले लोक सुरुवातीला यावर नाक मुरडतात आणि पुढे याचीच तारीफ करतात. कारण फोटो काळा पडणार की पांढरा फटफटणार, हे बटण दाबण्याआधीच कळतं. मागे उजेड, पुढे माणूस, अशा फ्रेममध्ये एक्स्पोजर कमी-जास्त करणारा डायल फिरवायचा आणि चेहरा ठीक दिसला की क्लिक. शिकणाऱ्याच्या दृष्टीने याहून चांगला मास्तर नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) कॅमेऱ्यातच तयार होणाऱ्या जेपेगच्या हिशेबाने काढलेला असतो. रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये उजळ भागाचे तपशील त्याहून थोडे जास्त शिल्लक असतात.

सुरुवातीचे पडदे यथातथाच होते. जी१चा १४.४ लाख डॉटचा, तर २०२१च्या सोनी अल्फा १चा ९४.४ लाख डॉटचा. आकडे ऐकताना लक्षात ठेवायचं की लाल, हिरवा आणि निळा असे तीन डॉट मिळून एक पिक्सेल होतो. अंधारात पडदा अजूनही दाणेदार होतो, हलत्या गोष्टी किंचित मागे पडतात. स्टुडिओत फ्लॅश लावून काम करणारा नवखा तर पहिल्याच दिवशी चक्रावतो, कारण पडदा मिट्ट काळा. कॅमेरा बिचारा प्रामाणिकपणे सांगत असतो की या सेटिंगला, फ्लॅशशिवाय, फोटो काळाच येणार. मेनूत जाऊन एक्स्पोजरची पूर्वझलक बंद केली की प्रश्न मिटतो. पण तो पर्याय मेनूच्या नेमक्या कोणत्या पानावर आहे हे शोधण्यात संध्याकाळ जाऊ शकते.

सगळ्यात छोट्या बॉडींमध्ये व्ह्यूफाइंडरच नसतो. भर उन्हात मागच्या स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं आणि फोटो अंदाजाने काढावा लागतो. जीएम१च्या मालकांचं हे मोठं गाऱ्हाणं होतं. २०१४च्या जीएम५मध्ये ११.६ लाख डॉटचा व्ह्यूफाइंडर आला, पण आतला छोटा फ्लॅश काढून टाकला गेला. एवढ्याशा डब्यात काही घालायचं तर दुसरं काहीतरी बाहेर जातंच. शटरचंही, म्हणजे सेन्सरसमोर उघडमीट होणाऱ्या झडपेचंही, तसंच. या दोन्ही कॅमेऱ्यांच्या चिमुकल्या शटरमध्ये फ्लॅशबरोबर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा वेगाने जाता येत नाही. झडप न हलवता सेन्सरवरच काम भागवणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर आवाज शून्य, वेगही भरपूर. पण साधा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे धावती गाडी तिरकी दिसते आणि काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे उमटतात.

(दृश्य: चार्जरवर दोन बॅटऱ्या.)

आता बॅटरी. एसएलआरच्या काचेतून पाहायला वीज जवळजवळ लागतच नाही. मिररलेसमध्ये मात्र कॅमेरा चालू असेपर्यंत सेन्सर आणि पडदा दोन्ही जागे. निकॉनचा डी७२०० हा एसएलआर एका चार्जमध्ये १,११० फोटो देतो. सोनीचा २०१४चा ए६००० स्क्रीनवर ३६०, व्ह्यूफाइंडरवर ३१०. जीएम१ साधारण २३०. हे आकडे सीपा या जपानी संघटनेच्या चाचणीचे. त्यात दर ३० सेकंदांनी एक फोटो घेतात आणि एकाआड एक फोटोला फ्लॅश मारतात. तसा कॅमेरा कोण वापरतं? सलग क्लिक करणाऱ्याला याच बॅटरीत कितीतरी जास्त फोटो मिळतात. कॅमेरा चालू ठेवून तासभर हवा तो क्षण शोधत फिरणाऱ्याला मात्र याहूनही कमी. म्हणून एकाच मॉडेलचे दोन मालक बॅटरीवरून भांडतात, आणि दोघेही खरं बोलत असतात. २०१९च्या सोनी ए६६००मध्ये मोठी बॅटरी आली आणि आकडा ८१०वर गेला. अर्थात ग्रिपही जाड झाली, आणि ती कित्येकांना उलट आवडली, कारण चपट्या बॉडीला जड लेन्स लावली की करंगळीला टेकायला जागा उरत नाही.

फोकसबद्दल फार बोलायला नको. सुरुवातीचे मिररलेस हलत्या माणसामागे धापा टाकायचे. फेज डिटेक्शन, म्हणजे फोकस कुठे आणि किती सरकवायचा हे एका झटक्यात मोजणारी पद्धत, थेट सेन्सरवर आलं आणि ते दिवस संपले. शिवाय फोकस सेन्सरवरच मोजला जात असल्याने, एसएलआरमध्ये लेन्स आणि फोकसचा वेगळा सेन्सर यांची जी जुळणी करत बसावं लागायचं, तिच्यापासून सुटका झाली.

धुळीची तक्रार खरी आहे. आरसा नाही आणि लेन्स काढल्यावर बहुतेक कॅमेऱ्यांचं शटरही उघडंच, म्हणजे कण थेट सेन्सरवर. २०१८च्या कॅनन ईओएस आरमध्ये कॅमेरा बंद केला की शटर मिटतं, पण हे सगळ्यांत नाही. बॉडीचं तोंड खाली करून लेन्स बदलायची, हातपंपाचा ब्लोअर जवळ ठेवायचा.

(दृश्य: पांढऱ्या भिंतीसमोर कॅमेरा.)

लहान बॉडी आता वापरलेलीच घ्यावी लागते, असं अनेकदा होतं, कारण नव्या मॉडेलांचा कल मोठ्या ग्रिपकडे आणि व्हिडिओकडे आहे. फक्त स्थिर फोटो काढणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. जीएम१चे १६ मेगापिक्सेल आजही मोठ्या प्रिंटला पुरतात. तपासताना अ‍ॅपर्चर एफ १६ करायचं, फोकस मुद्दाम चुकवायचा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी समोर येते. ब्लोअरने न जाणारे ठिपके असतील तर सफाईचा खर्च किमतीतून वजा करायला सांगायचा. प्रत्येक डायल दोन्ही दिशांना फिरवायचा, आकडा उड्या मारतो का पाहायचा. किट झूम दहा वेळा उघडमीट करायची. आणि त्या मॉडेलची बॅटरी अजून नवी मिळते का, याची चौकशी पैसे देण्याआधी करायची.