लोकलने लोहगड : जायचं सगळे विचारतात, यायचं कोण विचारणार?

मागच्या व्हिडिओखालची सगळ्यात जास्त लाइक्सवाली कमेंट वाचते. "ताई, लोहगडाला पार्किंग आहे का?" अहो, व्हिडिओचं नाव काय होतं? 'गाडीशिवाय लोहगड'! असो. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आपले 12 किल्ले गेले, त्यात लोहगड आहे, आणि तेव्हापासून माझा इनबॉक्स भरलाय. म्हणून परत एकदा.

जाणं सोपंय. पुणे नाहीतर शिवाजीनगरहून सकाळची लोणावळा लोकल. लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन मळवली, तिथे उतरा. एक्सप्रेसवेवरचा पूल, मग भाजे गाव, मग चढ, गायमुख खिंड. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. पाणी घ्या, चांगल्या ग्रिपचे बूट घाला. झालं.

आता परत यायचं बघू. लोकल मुंबईसारखी दर चार मिनिटांनी नसते हो! दुपारी तर मोठी गॅप पडते. त्यामुळे घरून निघायच्या आधी परतीची लोकल ठरवा, तिच्यानंतरचीही बघून ठेवा, आणि टाइमटेबलचा स्क्रीनशॉट काढा. वर नेटवर्क मिळेलच असं नाही.

माझंच सांगते. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही चौघी विंचूकाट्यावर, म्हणजे लोहगडाच्या टोकाच्या लांब निमुळत्या माचीवर, फोटो काढत बसलो. खाली पळत आलो, पुलावर पोचलो आणि समोरून लोकल गेली. मग प्लॅटफॉर्मवर बसलो. थोड्या वेळाने लांबून गाडी दिसली, आम्ही सॅका खांद्याला लावून उभ्या. एक्सप्रेस होती. मळवलीला कुठली थांबायला! धूळ उडवून गेली. मैत्रीण अजून मला त्यावरून बोलते.

म्हणून हिशोब उलटा करायचा. पाचची लोकल धरलीत तर विंचूकाटा दोनला सोडा. पायऱ्या, खिंड, भाजे, स्टेशन, मध्ये कोणाचा तरी पाय मुरगळणार, कोणाला तरी चहा हवा असणार. तीन तास लागतातच. "आम्ही फास्ट आहोत ताई" हे मला सांगू नका, तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात हळू माणसाला विचारा.

आणि खिंडीत उभं राहून "विसापूरही उरकून टाकू" म्हणणारा एक उत्साही प्राणी प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला आधी परतीची लोकल विचारा. सांगता आली तर जाऊ दे!

भाजे लेणीही जातानाच बघा. "येताना बघू" म्हणणाऱ्यांनी ती कधीच बघितलेली नाहीत, कारण येताना सगळे पळत असतात. दोन हजार वर्षांहून जुनं चैत्यगृह आहे, खांब आतल्या बाजूला झुकलेले, लाकडी बांधकामाची नक्कल दगडात केलेली. तिथे पाच मिनिटांत काय दिसणार?

लोकल चुकलीच तर कार्ला फाट्याला जा, चालत किंवा रिक्षाने. जुन्या हायवेला काहीतरी गाडी मिळते. पण हा प्लॅन बी आहे, सकाळपासून त्याच्याच भरवशावर राहू नका.

आणि पार्किंगवाले दादा, तुमची गाडी पुण्यात स्टेशनपाशी लावा आणि रिटर्न तिकीट काढा. तेवढंच पार्किंग मला माहितीय.