लोडवर विंच कट होते, तेव्हा मीटर कुठं लावायचं

मंडळी, आज एकच विषय धरून बोलणार आहे, विंच, म्हणजे गाडीच्या बंपरवर बसवलेलं, बॅटरीवरच्या मोटरनं दोर गुंडाळून फसलेली गाडी ओढणारं यंत्र. विंच मोकळी असताना झकास फिरते, दोर सोडते, गुंडाळते, सगळं ओके, आणि खरी गाडी ओढायला लावली की दोन सेकंद ओढून खटकन बंद, परत बटण दाबलं की जरा ओढते, परत बंद. आपल्याकडं हे सप्टेंबरात जास्त दिसतं कारण सोलापुरात मोठा पाऊस तेव्हाच पडतो, आणि काळ्या रानात चाक बसलं की माती मडगार्डपर्यंत भरते. मग गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या फसायला लागतात, विंचचं खरं काम तेव्हाच, आणि ती दगा पण तेव्हाच देते.

मालक गाडी घेऊन येतो आणि आल्या आल्या म्हणतो, अण्णा मोटर गेली, नवी टाका. अहो पण मोटर गेली असती तर मोकळी असताना एवढी छान कशी फिरली असती? माझं म्हणणं एवढंच आहे, लोडवर असताना मीटर लावून मोजल्याशिवाय विंचचा एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. हजारो रुपये लोक उगाच घालवतात आणि घरी जाऊन परत तेच होतं, हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण खराबी बऱ्याचदा एका लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीत, नाहीतर एका नटाखाली असते.

आधी करंट समजून घ्या. बारा व्होल्टची साडेनऊ हजार पौंडाची विंच, म्हणजे साधारण ४३०० किलोची, ती मोकळी फिरताना साठ-ऐंशी अँपिअर घेते, आणि पूर्ण लोडवर तीच चारशेच्या घरात जाते. तुमच्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा, साठ ते शंभर अँपिअरचा, म्हणजे इंजिन चालू ठेवा, ठेवायलाच पाहिजे, पण ओढताना खरा करंट बॅटरीतूनच जातो.

आता साधा हिशोब करा. वायरिंगमध्ये कुठंतरी ०.०१ ओहम जास्तीचा रेझिस्टन्स आहे असं धरा, लग ढिला आहे, टर्मिनलवर पांढरं-हिरवं फुललंय, काहीही असेल. ३०० अँपिअर वाहिले की तिथंच तीन व्होल्ट गेले, आणि ९०० वॅटची उष्णता त्या एका सांध्यावर, पाण्याच्या हीटरसारखा तापतो तो. आणि हा ०.०१ ओहम तुमच्या साध्या मल्टिमीटरवर ओहममध्ये दिसतच नाही, मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो! म्हणून कंटिन्युइटीचा बझर वाजला म्हणजे वायर चांगली, हे डोक्यातून काढा. बझर सांगतो वायर जोडलेली आहे, एवढंच, ती ३०० अँपिअर नेईल का हे बझरला काय माहीत.

मग कट का होते? विंचमध्ये कॉन्टॅक्टर असतो, म्हणजे मोटरचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, काही लोक सोलेनॉइडच म्हणतात, त्याच्या आत एक छोटी कॉइल असते, ती दोनचार अँपिअरवर चालते आणि मोठे कॉन्टॅक्ट धरून ठेवते. लोड वाढला, व्होल्टेज खाली आलं, कॉइलला पुरेसं मिळालं नाही की ती सोडून देते. सोडलं की लोड गेला, लोड गेला की व्होल्टेज लगेच वर, परत पकडते, परत सोडते. ती जी खडखड-खडखड ऐकू येते ना, ती हीच. आणि त्यात दरवेळी कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, ते जळतात, खड्डे पडतात, म्हणजे मूळ खराबी वायरीची आणि शेवटी मरतो कॉन्टॅक्टर. नवा टाकला की चार दिवस चालतो, मग तोही जातो.

आता मोजायचं कसं ते नीट ऐका. मजबूत जागेला अँकर लावा, ब्रेक लावा, चाकाला दगड लावा, दोरावर जाड गोणपाट नाहीतर ब्लँकेट टाका आणि दोराच्या रेषेत कोणी थांबायचं नाही, पोरांना आधी लांब करा. एकजण रिमोटवर, एकजण मीटरवर, तोही दोराच्या बाजूला उभा, आणि विंच पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त ताणायची नाही. मीटर डीसी व्होल्टवर. पहिलं रीडिंग बॅटरीच्या दोन्ही खांबांवर, क्लॅम्पवर नाही हं, शिशाच्या खांबावरच टोक टेकवायचं, कारण खांब आणि क्लॅम्पच्या मधलाच सांधा खराब असू शकतो. दुसरं, बॅटरीच्या प्लसपासून कॉन्टॅक्टरच्या येणाऱ्या बोल्टपर्यंत. तिसरं, कॉन्टॅक्टरच्या दोन मोठ्या बोल्टांवर, येणारा आणि मोटरकडं जाणारा. चौथं, बॅटरीच्या मायनस खांबापासून मोटरच्या अर्थच्या, म्हणजे मायनसच्या बोल्टपर्यंत, आणि हे चौथं लोक करतच नाहीत. ही दुसरी-तिसरी-चौथी रीडिंग जितकी शून्याजवळ तितकं चांगलं, प्लस बाजूला अर्धा व्होल्ट, मायनस बाजूला अर्धा व्होल्ट इतपत मी चालवून घेतो, कॉन्टॅक्टरवर पाव व्होल्टच्या वर गेलं की मी तो उघडतो.

एक पिकअप आली होती अक्कलकोट रोडकडून, विंच मागं बसवलेली, बॅटरी पुढं. बंपरवर रंग नवा, वायरींना स्लीव्ह, दिसायला सुंदर काम. ताण देऊन कट व्हायच्या जरा आधीचं मोजलं तर बॅटरीवर ११.३, प्लस बाजूला ०.९ गेले, कॉन्टॅक्टरवर ०.२, आणि मायनस बाजूला २.४! म्हणजे मोटरला ७.८ राहिले. मायनसची वायर जेमतेम हातभर, विंचपासून जवळच्या चासीला बोल्ट मारलेला. बोल्ट खोलला तर लगच्या खाली चासीचा काळा रंग तसाच्या तसा, फक्त वॉशरच्या कडेनं एक बारीक गोल रिंग घासली गेलेली आणि तिच्याभोवती रंग तपकिरी होऊन फुगलेला. सगळा करंट त्या रिंगेतून जात होता. आणि कॉइलचा अर्थ पण विंचच्या बॉडीवरूनच, म्हणजे मोटरबरोबर कॉइल पण उपाशी. मायनसची स्वतंत्र ५० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल थेट बॅटरीपर्यंत आणली, विंच लागली कामाला. मोटरला हात पण लावला नाही.

केबलचं सांगतो. ३५ स्क्वेअर एमएमची चांगली तांब्याची केबल मीटरला साधारण अर्धा मिलिओहम असते. पुढच्या बंपरवर विंच असेल तर जाऊन-येऊन अडीच-तीन मीटर, चालतं. मागं नेली की जाऊन-येऊन आठ-दहा मीटर होतात, ३०० अँपिअरला दीड व्होल्ट नुसत्या केबलमध्ये गेला, तिथं ७० स्क्वेअर एमएमचीच घ्या. आणि स्वस्त वेल्डिंग केबल घेताना एक धागा तोडून चाकूनं खरवडून बघा, आत पांढरं निघालं तर ते तांब्याचं पाणी दिलेलं ॲल्युमिनियम आहे, घेऊ नका. लग हातोडीनं ठोकून बसवू नका, हायड्रॉलिक क्रिम्पिंग, म्हणजे मशीननं दाबून, करून घ्या, शे-दोनशेचं काम आहे.

बॅटरीवरचंच रीडिंग लोडवर नऊच्या खाली गेलं तर मात्र वायरीला दोष देऊ नका, बॅटरी गेली. नुसती ठेवलेली असताना १२.६ दाखवते, ते फसवं असतं. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ ला पारा, त्यात बॉनेटखाली इंजिनशेजारी, उन्हानं बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, आणि ते कळतं पुढं पावसात, विंच लावल्यावर.

करंट मोजायचा असेल तर क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा अडकवून मोजायचा, तो डीसीचा पाहिजे. घरच्या वायरिंगवाल्याकडं असतो तो बऱ्याचदा फक्त एसीचा, तो इथं शून्यच दाखवणार.

आता दुसरा प्रकार. विंच चांगली मिनिटभर ओढते, मग बंद, आणि बटण कितीही दाबा, काही नाही, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चालू. हा थर्मल कटआऊट, बऱ्याच विंचच्या मोटरमध्ये असतो. मोटर तापली म्हणून तो तुम्हाला थांबवतोय, त्याला वायर मारून बायपास करू नका, हात जोडून सांगतो, आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, जळेल. व्होल्टेज कमी असलं की विंच हळू चालते, तेवढ्याच कामाला वेळ जास्त लागतो, मोटर जास्त तापते, म्हणजे हा कटआऊट पण कित्येकदा वायरीमुळंच पडतो. या विंच सलग चालायला बनवलेल्याच नसतात, मिनिटभर ओढा, हात लावून बघा, थांबा.

कुठला प्रकार ते पटकन ओळखायचं तर कट झाल्याच्या क्षणी, बटण दाबलेलंच ठेवून, कॉइलच्या बारीक टर्मिनलवर मीटर लावा. तिथं दहा-अकरा व्होल्ट आहेत आणि मोटरला काहीच नाही, तर कॉन्टॅक्टर. तिथंच काही नाही, तर रिमोट, रिमोटच्या प्लगच्या पिना, नाहीतर थर्मल. पिना गंजतात, चिखलात पडतो ना रिमोट.

मागून एकानं विचारलं, वायरी सगळ्या बदलल्या, बॅटरी नवी, तरी चढाला कट होते. मग दादा, ड्रमवर दोर किती आहे ते बघा. ४३०० किलो हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, वरच्या थरावर येईपर्यंत एक तृतीयांशाहून जास्त ताकद गेलेली असते, आणि तेवढंच ओढायला मोटर जास्त करंट घेते. दोर लांब सोडून ओढा, पण स्टीलचा असेल तर पाच-सहा वेढे ड्रमवर राहूच द्या, कापडी दोराला अजून जास्त. जागा असेल तर कप्पी लावा आणि हुक परत आपल्याच गाडीला आणा, वेग निम्मा होतो, पण विंचवरचा ताण पण जवळपास निम्मा होतो. कप्पी विंचच्या पूर्ण ताकदीच्या दुप्पट ताण पेलणारी घ्यायची, तिच्यावर दोन्ही दोरांचा ताण येतो.