मास्तरांचं देऊळ

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या समुदायांचा, इतिहास आपल्यापर्यंत आला तो बहुतेक मिशनऱ्यांच्या पत्रांतून. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं, १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं, आणि तिथून अहवाल जात राहिले बोस्टनला. पैसा तिथून यायचा ना! ज्याच्याकडे पैसे मागायचे, त्याला आपण काय केलं ते सांगावं लागतं. म्हणून त्या कागदांत घोड्यावरून फिरणारा साहेब ठळक दिसतो. पण साहेब गावात यायचा अधूनमधून. एरवी तिथे कोण होतं? मास्तर होता. आज मला त्याच्याबद्दल बोलायचंय.

नेवासा, राहुरी, पारनेर या बाजूच्या खेड्यांत चर्चला जुनी माणसं देऊळच म्हणतात. हे देऊळ म्हणजे सुरुवातीला महारवाड्यातली एक खोली. मातीच्या भिंती, वर माळवद, खाली शेणाने सारवलेली जमीन. सोमवार ते शनिवार तिथे शाळा, रविवारी उपासना. मास्तर दोन्हीकडे तोच. सकाळी मुलांना बाराखडी शिकवायची, संध्याकाळी प्रार्थना घ्यायची, आजाऱ्याकडे जाऊन बसायचं, मयत झालं की दफनाला पुढे व्हायचं. शिवाय अख्ख्या वाड्याची पत्रं वाचायची नि लिहायची. सावकाराने अंगठा उमटवून घेतलेल्या कागदावर नेमकं काय लिहिलंय, हे वाड्यात सांगू शकणारा पहिला माणूस हा होता. त्याची बायको पुष्कळदा मिशनच्या शाळेत शिकलेली असायची. ती बायकांना वाचायला शिकवायची. तिचं नाव तर अहवालात त्याच्याहूनही कमी वेळा येतं.

लोक मंडळीत का आले, याचं मला पटणारं उत्तर त्या शाळेच्या पाटीत आहे. ज्या पोराला गावच्या शाळेत ओट्यावर किंवा दाराबाहेर बसवायचे, त्याला इथे सतरंजीवर मधोमध बसता येत होतं. येसकरकी म्हणजे गावाची राखणदारी करून, मेलेली ढोरं ओढून, शिळी भाकरी मागून जगलेल्या बापाला हे दिसत होतं.

आता दुष्काळाचं. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ, मग १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९००. या काळात बाप्तिस्मे वाढले, हे खरं आहे. त्यावरून ‘भाकरीसाठी बाटले’ असं आजही सहज म्हटलं जातं. मी म्हणतो, भाकरीचा वाटा होता, आणि त्यात लाज कसली? उपाशी माणूस जिथे अन्न मिळतं तिथे जातो. पण पाऊस पडला, धान्यवाटप थांबलं, त्यानंतरही अनेक मंडळ्या टिकल्या. त्याचा खुलासा नुसत्या भाकरीने होत नाही.

माझ्या मते त्याचं दुसरं कारण गाणं. पहिल्या मिशनऱ्यांनी आपल्या चाली आणल्या, त्यांवर मराठी शब्द बसवले. ते कसं होत असेल याची कल्पना करा! बाजरी खुरपणाऱ्या बाईच्या तोंडात ते बसणार कसं? मग १८६० च्या दशकात नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. त्यात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं नाव अग्रभागी आहे. साकी, दिंडी, आर्या, मध्ये आख्यान, मागे टाळ-मृदंग, सगळं ओळखीचं. कथा मात्र येशूची. पुढे नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नंतर त्यांचा बराच काळ नगर-राहुरीकडे गेला. त्यांचे अभंग आणि पदं मंडळ्यांनी अशी उचलली की ‘उपासना संगीत’ या मंडळ्यांच्या गीतपुस्तकातून टिळक काढले तर पुस्तक रोडावेल. ज्याला वाचता येत नव्हतं, त्यालाही पदं पाठ. मास्तर पेटीवर बसायचा, म्हातारे झांज धरायचे. वारकऱ्यांच्या भजनापासून हे फार लांब नव्हतं. गावाला रात्री ऐकू जायचं आणि कान ओळखीचे असल्याने कुणाला ते परकं वाटायचं नाही.

साहेबांवर मी अन्याय करतोय असं वाटू नये. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याचे मिशनरी सॅम्युअल फेअरबँक म्हणजे मोठा रसिक माणूस. पक्षी टिपायचा नाद. दक्षिणेतल्या डोंगरांत राहणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे. पक्ष्याला साहेबाचं नाव मिळालं, मास्तराच्या नावाने गावात एक गल्लीही नाही. असो.

आणि मंडळीत सगळं गोड होतं असंही नाही. जात दाराबाहेर चपलांबरोबर राहिली नाही. महारांतून आलेले मांगांतून आलेल्यांबरोबर जेवायला बसत नव्हते, आणि सोयरिकीच्या वेळी ती रेघ पुष्कळ ठिकाणी अजूनही आठवते. मास्तरांनी यावर प्रवचनं केली. काहींनी मुलामुलींची लग्नं करूनही दाखवली. काहींनी काहीच केलं नाही.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर. याचा परिणाम खेड्यात एकाच घरात बघायला मिळतो. एक भाऊ बौद्ध, दुसरा ख्रिस्ती, जातीचे दाखले वेगवेगळे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मात्र दोघंही, आणि नाताळच्या जेवणालाही दोघंही. गल्लीला हे कधी अवघड वाटलेलं नाही. अडचण येते ती दाखला काढताना.

मिशन हळूहळू आटोपतं झालं, शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या, १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि या मंडळ्या त्यात गेल्या. शाळा गेली म्हणजे मास्तर गेला. आता एका पाळकाकडे अनेक गावं असतात. ते प्रभुभोजनापुरते, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीपुरते, येतात. बाकीचे रविवार मंडळीतले वडील चालवतात, आणि बऱ्याच ठिकाणी खरं पाहता बायकाच. तरुण मुलं पुण्या-चिंचवडला कंपनीत. एरवी सतरंजीवर दहा-पंधरा माणसं, नाताळात मांडव घालावा लागतो.

हंगामाच्या सणाला मात्र अजून मजा असते. बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, कोंबडी, एखादं करडू असं वेदीपाशी येतं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. वीस रुपयांचा भोपळा चढाओढीने पाचशेला जातो. घेणारा तो परत दान करतो, पुन्हा बोली. पत्र्याची दुरुस्ती, विजेचं बिल यातून निघतं. बोस्टनचा पैसा थांबल्यावर देऊळ कसं चाललं, असं विचारणाऱ्यांनी या लिलावाला एकदा बसावं.

शेवटी एक काम सांगतो. मंडळ्यांत बाप्तिस्मा, लग्न, मयत यांच्या जुन्या नोंदवह्या आहेत. त्या लिहिल्या मास्तरांनी, सह्याही त्यांच्याच. कुठे त्या पत्र्याच्या पेटीत आहेत, कुठे वाळवीने अर्ध्या खाल्ल्यात. ज्यांच्या गावात अशी वही असेल, त्यांनी पाळकांना विचारून पानापानाचा फोटो काढावा, मोबाईल पुरतो. सही वाचता आली नाही तर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला दाखवा. ती मास्तर कुठल्या गावचे, कुणाचे जावई, आवाज कसा होता, सगळं सांगेल. तेही त्याच दिवशी लिहून घ्या, आणि खाली तिचं नाव घाला.