80 प्लसचा बॅज बघून एसएमपीएस घेताय? आधी स्टिकर वाचा

नमस्कार मंडळी. गेमिंगसाठी किंवा एडिटिंगसाठी मशीन जोडायचं, बजेट मधलं, एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या पार्ट्सना वीज पुरवणारा भाग, हवा 550 ते 650 वॉटचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा नाहीतर ऑनलाइन बघा, प्रश्न दोनच ऐकू येतात: "किती वॉटचा?" आणि "ब्रॉन्झ की गोल्ड?" माझं स्पष्ट मत आहे, नुसत्या या दोन उत्तरांवर एसएमपीएस घेऊ नका.

[टेबलावर दोन एसएमपीएस, शेजारी शेजारी]

आधी बॅजचं बघू. 80 प्लस 2004 साली सुरू झालं. ते मोजतं ते इतकंच, की प्लगमधून ओढलेल्या विजेपैकी किती वीज आतल्या पार्ट्सपर्यंत पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते. 115 व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर ब्रॉन्झ पातळीला 85 टक्के लागतात, त्याहून वरच्या गोल्डला 90. समजा तुमचं मशीन रोज पाच तास 300 वॉट खातंय. ब्रॉन्झवाला प्लगमधून साधारण 353 वॉट ओढेल, गोल्डवाला 333. महिन्याचा फरक तीन युनिटं. व्होल्टेज स्थिर राहतं का, शॉर्ट झाल्यावर एसएमपीएस स्वतःला बंद करतो का, हे हा बॅज सांगत नाही. चाचणीही होते 23 अंशांच्या आसपासच्या खोलीत. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला कॅबिनेटच्या आत काय तापमान असतं, हे तिथल्या लोकांना मी सांगायला नको.

आता डबा उलटा करा.

[स्टिकरचा क्लोजअप]

हा तक्ता नीट बघा. 3.3 व्होल्ट, 5 व्होल्ट, 12 व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज 12 व्होल्टवरूनच घेतात, म्हणून बोट तिथेच ठेवा. या पहिल्यावर लिहिलंय 45 अँपिअर. 45 गुणिले 12, 540 वॉट. डब्यावर 550 लिहिलंय, म्हणजे आकडा प्रामाणिक आहे. आता हा दुसरा. डब्यावर तेच 550, पण 12 व्होल्टवर फक्त 30 अँपिअर, म्हणजे 360 वॉट. बाकीचे वॉट 3.3 आणि 5 व्होल्टच्या खात्यात टाकलेत, आणि आजच्या मशीनला तिथे एवढी गरजच नसते. अशी वाटणी दिसली की आतली रचना जुनी असण्याची शक्यता बरीच असते. जुन्या रचनेत 5 आणि 12 व्होल्ट एकत्र सांभाळले जातात. ग्राफिक्स कार्डाने 12 वर जोर दिला की दुसरीकडचं व्होल्टेज हलतं. नव्या रचनेत आधी 12 तयार होतं आणि त्यातून डीसी-टू-डीसी सर्किटने बाकीची व्होल्टेज काढली जातात. मधल्या किमतीत हे आता सहज मिळतं, त्यामुळे यावर तडजोड करू नका.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे तिच्याकडे येतो. वीज जाते, यूपीएस बीप करतो आणि तरीही कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. मग लोक यूपीएसची बॅटरी बदलतात. बऱ्याचदा दोष एसएमपीएसचा असतो. यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ एसएमपीएसने स्वतःच्या साठ्यावर काढायचा असतो. हा साठा आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये असतो. एटीएक्स 3.0 या एसएमपीएसच्या मानकात 80 टक्के लोडवर 17 मिलिसेकंदांची अपेक्षा आहे. पैसे वाचवायचे तर कंपनी नेमका हाच कपॅसिटर लहान बसवते, कारण तो महाग असतो आणि बाहेरून दिसत नाही. गावाकडे, जिथे दिवसातून चार वेळा वीज जाते, तिथे मी गोल्डच्या बॅजपेक्षा या आकड्याला जास्त किंमत देईन.

कपॅसिटर 105 अंशांपर्यंत चालणारे हवेत, 85 चे नकोत. तापमान दहा अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणूनच पूर्ण वॉट 40 अंशांना मिळतात की 50 ला, तेही स्पेसिफिकेशनमध्ये शोधा. 50 लिहिलेलं असेल तर उत्तम. आणि संरक्षणांच्या यादीत ओटीपी, म्हणजे जास्त तापल्यावर बंद होण्याची सोय, आहे का बघा. स्वस्तात बहुतेक वेळा हीच गाळलेली असते.

हे आकडे मिळणार कुठे? डब्यावर नाही. सायबेनेटिक्स नावाची संस्था एसएमपीएस तपासून अहवाल मोफत ठेवते. त्यात मॉडेलचं पूर्ण नाव टाका. पूर्ण म्हणजे पूर्ण, कारण ब्रँड एक असला तरी आतला कारखाना वेगळा असू शकतो. कॉर्सेअरचे बरेच एसएमपीएस सीडब्ल्यूटी नावाची कंपनी बनवते. सीसॉनिक स्वतःच्या नावानेही विकते आणि दुसऱ्या ब्रँडांनाही बनवून देते. एकाच ब्रँडची एक मालिका उत्तम आणि दुसरी सुमार, असं सर्रास होतं. अहवालात होल्ड-अप टाइम, म्हणजे वीज गेल्यावर साठ्यावर काढलेले ते मिलिसेकंद, बघा, आणि 12 व्होल्टवरचा रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर. रिपलची मर्यादा 120 मिलिव्होल्ट आहे. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवरही तिच्या निम्म्याखाली राहतो.

वॉरंटी पाच वर्षांची असेल तरच मी घ्या म्हणेन. सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे का, की पार्सल स्वतःच्या खर्चाने पाठवायचं, हे पैसे देण्याआधी विचारा.

[मॉड्युलर केबल हातात घेऊन]

आणि मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा, घेतलात तर एक काळजी घ्या. जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका, ब्रँड तोच असला तरी. कनेक्टर नीट बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी वेगळी असू शकते. 5 व्होल्टच्या जागी 12 गेलं की हार्ड डिस्क जागच्या जागी जळते, आणि त्यातला डेटा वॉरंटीत भरून मिळत नाही. डब्यातल्या केबल त्याच डब्यातल्या एसएमपीएसला, आणि जुन्या केबल जुन्या एसएमपीएसबरोबरच बांधून ठेवा.