कानामागचा वेताळ

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळीला एक वॉचमन काका असतात. रात्री अकरानंतर वर्दळ थांबली, की ते प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडी घालून बसतात, मफलर कानांवरून गुंडाळतात आणि मोबाइलवर भुताची गोष्ट लावतात. इअरफोन मात्र ते एकाच कानात घालतात. दुसरा कान गाडीचा हॉर्न ऐकू यावा म्हणून मोकळा ठेवता ना, असे मी त्यांना एकदा विचारले. "ते तर आहेच," ते म्हणाले, "पण मागून कोणी आलं, तर तेही कळायला नको का?" हे बोलताना ते हसत होते, तरी त्यांची मान एकदा मागे वळलीच.

गेली काही वर्षे मी ध्वनिमुद्रणासाठी कथावाचन करतो. प्रेमकथा, विनोदी कथा, ऐतिहासिक प्रसंग, असे सर्व काही माझ्या वाट्याला आले आहे. इतर कथा वाचल्या, की अभिप्राय येतात. भुताखेताची किंवा अक्राळविक्राळ राक्षसाची कथा वाचली, की मागण्या येतात. पुढची कधी, असे विचारणारे असतात. आमच्या गावच्या ओढ्यावर अमुक एक आहे, त्याची घ्या, असे सांगणारेही असतात, आणि त्या ओढ्याचे वर्णन ते इतके बारकाईने करतात, की तिथली जांभळीची वाकलेली फांदीसुद्धा सुटत नाही. रात्री ट्रक चालवणारे, भल्या पहाटे डबे करणाऱ्या, वसतिगृहात पांघरुणात शिरून ऐकणारे, परदेशातल्या थंडीत मराठी आवाजाला आसुसलेले, असे नाना परींचे लोक यात आहेत. ज्या गोष्टीने झोप उडते, ती गोष्ट माणसे झोपण्यापूर्वी मुद्दाम मागून का घेतात, आणि पाहण्यासाठी इतके चित्रपट हाताशी असताना ती ऐकावीशीच का वाटते, याचा मी बराच काळ विचार करीत आलो आहे.

ही मोबाइलने लावलेली सवय आहे, असे पुष्कळांचे मत असते. पण तिचा माग काढत मागे गेले, तर आपण गोदाकाठी पैठणला पोहोचतो. काश्मीरच्या सोमदेवाने ११ व्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या २५ कथा आहेत, आणि त्या ऐकणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. क्षांतिशील नावाच्या भिक्षूला दिलेल्या शब्दाखातर तो वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानात जातो, शिंशपेच्या झाडाला लटकलेले प्रेत खाली उतरवून खांद्यावर टाकतो आणि चालू लागतो. त्या प्रेतात शिरलेला वेताळ त्याला म्हणतो, की वाट लांबची आहे, तेव्हा करमणूक म्हणून एक गोष्ट सांगतो.

लहानपणी ही हकिकत वाचताना माझे सगळे लक्ष कोड्यांकडे असे. आता मला त्यातली ऐकण्याची व्यवस्था दिसते. रात्र अंधारी आहे, म्हणून डोळ्यांचा उपयोग नाही. हातांनी ओझे धरलेले आहे आणि पाय चालत आहेत. बोलले, की वेताळ निसटून पुन्हा झाडावर जाणार, म्हणून तोंड बंद ठेवायचे आहे. राजाकडे उरला तो फक्त कान, आणि आवाज येतो तो थेट कानामागून. शिवाय गोष्ट सांगणारा कोणी आजोबा नाही, ज्याची भीती वाटायची तोच सांगतो आहे. रात्रीच्या एसटीत खिडकीला डोके टेकून, कानात इअरफोन घालून बसलेल्या मुलाची आणि त्या राजाची स्थिती मला फारशी वेगळी वाटत नाही.

सोमदेवाने आपला ग्रंथ ज्या बृहत्कथेवरून बेतला, तिची जन्मकथा तर याहून विलक्षण आहे. सातवाहनाच्या पदरी असलेला गुणाढ्य एका पैजेत हरला, ठरल्याप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या व तो विंध्याच्या अरण्यात निघून गेला. तिथे काणभूती नावाच्या पिशाचाने त्याला ज्या कथा सांगितल्या, त्या त्याने 'पैशाची' या पिशाचांच्या भाषेतच लिहून काढल्या. सात वर्षांत सात लाख श्लोक झाले, आणि रानात शाई मिळेना म्हणून ते त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिले. राजाने मात्र भाषा पिशाचांची आणि अक्षरे रक्ताची म्हणून तो ग्रंथ झिडकारला. तेव्हा गुणाढ्याने एका टेकडीवर अग्नी पेटवला आणि एकेक पान मोठ्याने वाचून तो त्यात टाकू लागला. रानातली हरणे, डुकरे, रेडे चरायचे सोडून भोवती येऊन बसली आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकू लागली. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केले, की त्याच्या ताटात येणारे मांस सुकलेले आहे. आचाऱ्यांनी पारध्यांकडे बोट दाखवले आणि पारध्यांनी टेकडीकडे. राजा धावत तिथे पोहोचला, तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती आणि एक लाख तेवढे उरले होते. श्रोत्यांच्या उत्साहाचे मोजमाप मांसाच्या वाळण्यावरून झाल्याचे हे एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

आता थोडे कोकणात जाऊ. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा श्री देव वेतोबा हा त्या गावाचा राखणदार आहे. त्याला भूत म्हटलेले तिथल्या माणसाला खपणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्याला केळ्यांचे घड अर्पण करतात, तशाच भल्यामोठ्या चामड्याच्या चपलाही वाहतात. हा देव रात्री गावाच्या हद्दीवरून फिरतो, त्यामुळे त्या चपलांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. गोव्यातही वेताळाची जागृत देवस्थाने आहेत. मला त्या चपलांचे अप्रूप वाटते, कारण रात्री फिरणाऱ्या देवाची कल्पना करताना लोकांनी त्याचा चेहरा बाजूला ठेवून त्याच्या पायांचा विचार केला. अंथरुणावर पडलेल्या माणसाला चेहरा दिसत नाही. त्याला बांधाच्या पलीकडून पावले ऐकू येतात.

आपल्याकडच्या पिशाचांची ही मोठी पुण्याई आहे, की त्यांतले बहुतेक राहण्याच्या ठिकाणावरून आणि वागण्याच्या रीतीवरून ओळखले जातात. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, तो मुंजा, आणि त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेलेली स्त्री ती अळवंत. पाण्याकाठी गिऱ्हा असतो. चकव्याला तर रूपच नाही. तो माणसाला ओळखीच्या माळावर रात्रभर गोल गोल फिरवतो आणि उजाडले, की सोडून देतो. यांतल्या कित्येकांमागे एखादे अर्धवट तुटलेले आयुष्य असते, आणि ऐकणाऱ्याच्या घराण्यात तसे कोणीतरी गेलेले असते. आजी मुंजाची गोष्ट सांगताना मध्येच गप्प होत असे, ती कशामुळे, हे मला फार उशिरा कळले. एखाद्या परक्या राक्षसाला सहा डोळे आणि बारा सोंडा दिल्या, तरी त्या गप्प होण्याची सर त्याला येत नाही. आजकालच्या पुष्कळ ध्वनिकथांमध्ये एकच एक लाल डोळ्यांची आकृती कोकणातही येते, विदर्भातही येते आणि पुण्याच्या फ्लॅटमध्येही येते. ती कुठली, कशी मेली, तिला काय हवे आहे, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. मला हा आळस वाटतो.

नुसत्या आवाजातून अवाढव्य राक्षस उभा करता येतो, हे रेडिओने फार लवकर ओळखले. अमेरिकेत शिकागो येथील केंद्रावरून १९३४ साली विलिस कूपर यांनी मध्यरात्रीच्या भयकथांची मालिका सुरू केली. दिवे मालवा, हेच तिचे नाव होते. माणसाचे मुंडके उडवायचे असेल, तर ध्वनिसंयोजक मायक्रोफोनपुढे कोबीचा गड्डा सुरीने चिरत. विजेच्या खुर्चीतला देहदंड ऐकवायचा असेल, तर डुकराचे मांस तव्यावर तळत. पुढे ही मालिका आर्च ओबोलर यांच्याकडे आली आणि १९३७ मध्ये त्यांनी एक श्रुतिका सादर केली. तिच्यात प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेला कोंबडीच्या काळजाचा तुकडा वाढत वाढत शहर, देश आणि अखेर सारे जग गिळतो. कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाच्या पेशी जिवंत ठेवण्याचा अलेक्सी कॅरेल यांचा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये १९१२ पासून सुरू होता, म्हणजे बीज अगदीच हवेतले नव्हते. ही कथा पडद्यावर दाखवायला गेलो, तर हसू येईल. जगाएवढे काळीज कसे दाखवणार? रेडिओवर मात्र नुसती धडधड पुरली. ती धडधड ऐकताना श्रोत्याच्या स्वतःच्या छातीतही एक धडधड चालू होती, ही सोय दुसऱ्या कोणत्याच माध्यमाकडे नव्हती.

आता माझ्या स्वतःच्या फजितीविषयी सांगतो. मागच्या पावसाळ्यात आम्ही चकव्याची एक कथा ध्वनिमुद्रित केली. कथा साधी होती. एक शिक्षक शेवटची एसटी चुकल्यामुळे दोन कोसांवरच्या घरी पायी निघतो आणि तीच विहीर त्याला तीनदा लागते. आम्ही हौसेने तिच्यात ढगांचा गडगडाट घातला, घुबड घातले, कुत्र्याचे रडणे घातले आणि कोणीतरी आठवण केली म्हणून पैंजणही घातले. मी ते घरी नेऊन अंधारात ऐकले आणि मला चक्क जांभई आली. आमच्या आवाजांनी सगळी जागा अडवली होती, श्रोत्याला काही करायचे शिल्लकच ठेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही एकेक आवाज काढत गेलो. शेवटी फक्त वाळक्या पाचोळ्यावरची पावले ठेवली, आणि तीही जुन्या कॅसेटची फीत मुठीत कुस्करून केलेली. तिसऱ्यांदा विहीर लागते त्या वाक्यानंतर मी सुमारे चार सेकंद काहीच बोललो नाही. चार सेकंद ऐकायला थोडे वाटतात. पण ध्वनिमुद्रणात एवढी शांतता पसरली, की माणूस यंत्र बंद पडले का, हे पाहायला हात पुढे करतो आणि तो हात तसाच अधांतरी राहतो.

वाचणाऱ्याचा आवाजही इथे वेगळा लागतो. मोठ्या सभागृहातला खर्ज कामाचा नाही. मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर, शेजारच्या खोलीत कोणी निजले आहे अशा बेताने बोलावे लागते. इअरफोनमुळे तो आवाज समोरून न येता डोक्याच्या आतून आल्यासारखा वाटतो, आणि डोक्यातल्या आवाजाकडे पाठ फिरवता येत नाही. पडद्यावर नको ते दिसू लागले, तर आपण डोळे मिटतो. कानांना पापण्या नसतात. राक्षसाचे वर्णन मी शक्य तितके लांबवतो आणि लांबवून झाले, की बहुधा गाळतो. श्रोत्याच्या मनात तोवर जो तयार झालेला असतो, तो त्याच्या मापाने शिवलेला असतो; मी आणलेला त्याला कुठेतरी सैल होणार.

अशा कथांनी अंधश्रद्धा वाढते, अशी तक्रार अधूनमधून येते. ती मी हसण्यावारी नेत नाही; एखाद्या जिवंत बाईला चेटकीण ठरवून छळल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि तशा छळाला रंजक करणारी कथा मी वाचणार नाही. परंतु गोष्टीतला खवीस कोणाकडे कोंबडे मागत नाही, ते मागतो तो मांत्रिक, आणि त्याच्या बंदोबस्तासाठी महाराष्ट्रात २०१३ चा कायदा आहे. गोष्ट ऐकणारा माणूस घाबरायला राजी होऊन आलेला असतो आणि बटण त्याच्या हातात असते. ते बटण हाती असूनही तो दाबत नाही, हेच मला नवल वाटते.

चकव्याची ती कथा सिद्ध झाल्यावर मी ती वॉचमन काकांच्या मोबाइलवर पाठवली. दोन दिवसांनी रात्री उशिरा परतताना ते फाटकावर दिसले. इअरफोन गळ्यात लोंबत होता आणि दोन्ही कान मोकळे होते. गोष्ट कशी वाटली, असे मी विचारले. "चांगली आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवून घेतली. "पण साहेब, त्या विहिरीपाशी चपलांचा आवाज मात्र फार खरा काढलाय तुम्ही."

त्या मुद्रणात चपलांचा आवाज आम्ही घातलेलाच नाही.