लिंक झालं म्हणजे जुळलं असं नव्हे

मित्रहो, फॉरट्रान आणि सी या दोन प्रोग्रामिंग भाषा एकाच प्रोग्राममध्ये बांधणाऱ्याला पहिल्यांदा जी त्रुटी भेटते ती बहुतेक वेळा एकच असते: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. सीमधून सॉल्व्ह नावाचं सबरूटीन (फॉरट्रानमधला नाव दिलेला कोडचा तुकडा) बोलावलं, ते कंपायलरनं बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये आहे हे डोळ्यांना दिसतंय, आणि अशा फाइली जोडून प्रोग्राम बनवणारा लिंकर म्हणतो सापडत नाही. माणूस वैतागतो. पण या त्रुटीला घाबरायचं काही कारण नाही, कारण ती खरं बोलते आणि वेळेवर बोलते.

फॉरट्रानला लहान-मोठ्या अक्षरांत फरक नाही, सीला आहे. म्हणून जीफॉरट्रान हा फॉरट्रानचा कंपायलर सगळं नाव लहान अक्षरांत करतो आणि शेवटी एक अंडरस्कोअर लावतो. त्याच्या आधीचा जुना कंपायलर जी७७ त्याहून पुढे जायचा: नावात आधीच अंडरस्कोअर असेल तर शेवटी दोन लावायचा. इंटेलचा कंपायलर लिनक्सवर जीफॉरट्रानसारखाच वागतो, पण विंडोजवर नाव मोठ्या अक्षरांत ठेवतो आणि अंडरस्कोअर लावत नाही. सबरूटीन मॉड्यूलमध्ये असेल तर त्या मॉड्यूलचं नावही त्यात गुंफलं जातं, आणि ते प्रत्येक कंपायलर आपापल्या पद्धतीनं करतो. तेव्हा अंदाज बांधत बसू नका. दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींवर एनएम ही नावांची यादी दाखवणारी आज्ञा चालवा: एकीकडे कोणतं नाव मागितलंय आणि दुसरीकडे कोणतं दिलंय, ते समोरासमोर दिसतं. न सापडलेलं नाव ‘_जीफॉरट्रान_’ने सुरू होत असेल, तर तुमच्या कोडमध्ये दोष नाही. फॉरट्रानची रनटाइम लायब्ररी लिंक झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेवटचं लिंकिंग सीच्या जीसीसी या आज्ञेऐवजी जीफॉरट्रानच्या आज्ञेनं करा, काम होतं.

आता खरा विषय. लिंकर फक्त नावं जुळवतो. आर्ग्युमेंट (रूटीनला दिलेल्या गोष्टी) किती, कोणत्या प्रकारची, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) की थेट किंमत, यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. नाव जुळलं की तो दोन्ही बाजू जोडून मोकळा होतो, आणि चुकीचा करार घेऊन प्रोग्राम धावू लागतो.

असा करार किती काळ लपून राहू शकतो, हे २०१९ साली दिसलं. लॅपॅक या मॅट्रिक्सची गणितं करणाऱ्या फॉरट्रान लायब्ररीतली अनेक रूटीनं ‘यू’ किंवा ‘एल’ असं एकच अक्षर घेतात, मॅट्रिक्सचा वरचा त्रिकोण की खालचा हे सांगण्यासाठी. फॉरट्रानमध्ये कॅरेक्टर आर्ग्युमेंट दिलं की कंपायलर त्याची लांबीही यादीच्या शेवटी गुपचूप जोडतो. सीमधून लॅपॅक बोलावणाऱ्या कितीतरी कोडनी ही लांबी वर्षानुवर्षं दिलीच नव्हती. एका अक्षराची लांबी कोण तपासणार? चालत होतं. मग जीफॉरट्रानच्या नव्या आवृत्त्यांमध्ये काही ठिकाणी टेल कॉलचं ऑप्टिमायझेशन होऊ लागलं, म्हणजे रूटीनच्या शेवटच्या हाकेसाठी नवी जागा न घेता आधीचीच जागा वापरली जाऊ लागली. डीपीओएसव्ही हे रूटीन शेवटी डीपीओटीआरएसला बोलावतं. त्या हाकेसाठी लागणारी आर्ग्युमेंट कंपायलरनं डीपीओएसव्हीला मिळालेल्या आर्ग्युमेंटांच्याच जागेत लिहिली, लांबीसकट. नियमानं ती जागा असायलाच हवी होती. पण बोलावणाऱ्यानं लांबी दिलीच नव्हती, म्हणजे ती जागा दुसऱ्याच कशाची तरी होती. बोलावणाऱ्याचा स्टॅक (चालू हाकांची माहिती ठेवणारी मेमरी) बिघडला, आणि आर या संख्याशास्त्राच्या प्रणालीला त्याचा फटका बसला. जीफॉरट्रान ज्या कंपायलर-संचाचा भाग आहे त्या जीसीसीनं सवलत म्हणून ‘टेल-कॉल-वर्कअराउंड’ नावाचा पर्याय दिला. पण कंपायलर इथे नियमाप्रमाणेच वागला होता, हे विसरू नका. आणखी एक: जीसीसी ८ पासून या लपलेल्या लांबीचा प्रकारही सीच्या इंटवरून साइज_टी या आकारासाठीच्या पूर्णांकाचा झाला. म्हणजे जी मंडळी इमानदारीनं लांबी देत होती, त्यांनाही आपला कोड बदलावा लागला.

म्हणून ‘ओ-शून्यला (ऑप्टिमायझेशन बंद असताना) चालतं, ओ-दोनला (ते चालू असताना) पडतं, म्हणजे कंपायलरचा बग’ हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. आधी हाक तपासा. सीमधून नुसता आकडा दिलाय का? फॉरट्रान तिथे पत्ता अपेक्षित धरतो, आणि पाच हा आकडा पत्ता मानून वाचायला गेलं की प्रोग्राम पडतो. उत्तर उलटसुलट येतंय? फॉरट्रान मॅट्रिक्स स्तंभाप्रमाणे साठवतो, सी ओळीप्रमाणे. कॉम्प्लेक्स संख्या परत करणारं फंक्शन कचरा देतंय? जी७७च्या जुन्या रीतीत उत्तरासाठी एक लपलेला पॉइंटर सर्वांत आधी जातो, जीफॉरट्रान मात्र सीप्रमाणेच थेट किंमत परत करतो. एका बाजूला पूर्णांक चार बाइटचा आणि दुसऱ्या बाजूला आठचा, हेही नेहमीचं. बोलावलेल्या रूटीनच्या पहिल्याच ओळीला जीडीबी या डीबगरनं प्रोग्राम थांबवून प्रत्येक आर्ग्युमेंट बघा, यातलं बहुतेक तिथेच उघडं पडतं.

फॉरट्रान २००३ या प्रमाणात सीशी जुळवून घेण्यासाठी बाइंड-सी ही सोय आणि आयएसओ-सी-बाइंडिंग हे मॉड्यूल आलं. नाव नेमकं काय असेल, कोणता प्रकार सीच्या कोणत्या प्रकाराशी जुळेल, काय किंमत म्हणून जाईल, हे सगळं त्यातून कोडमध्येच लिहिता येतं. नवीन कोडमध्ये याशिवाय हाक लिहूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र सीच्या बाजूचं हेडर (रूटीनची नावं आणि आर्ग्युमेंट सांगणारी फाइल) तुम्ही हातानं लिहिलंत तर ते चुकू शकतं, आणि बाइंड-सी ते पकडत नाही. जीफॉरट्रान ९ पासून ‘एफसी-प्रोटोटाइप्स’ हा पर्याय फॉरट्रानच्या कोडवरून सीचं हेडर काढून देतो. तेच वापरा. जुन्या, बाइंड-सी नसलेल्या रूटीनांसाठी त्याचंच ‘एक्स्टर्नल’ रूप आहे. दोन्ही भाषा एलटीओ (लिंक करताना सगळा कोड एकत्र बघणारं ऑप्टिमायझेशन) लावून बांधल्या तर प्रकारांची तफावत दिसल्यावर इशाराही मिळतो. जीसीसी १० पासून फॉरट्रानमधल्याच न जुळणाऱ्या आर्ग्युमेंटांना थेट त्रुटी येते. ती गप्प करणारा पर्याय आहे, पण तो लावण्याआधी त्रुटी पूर्ण वाचा.

अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर जाणं पकडणाऱ्या बाउंड्स तपासणीवर मात्र इथे विसंबू नका. अ‍ॅरेची लांबी आर्ग्युमेंट म्हणून येत असेल, तर सीनं सांगितलेली लांबीच ती खरी मानते. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर धावताना पकडणारं साधन) दोन्ही बाजूंना लावा, त्याला प्रत्यक्ष मेमरी दिसते.

आणि छापून तपासणाऱ्यांसाठी: फॉरट्रानचा राइट आणि सीचा प्रिंटएफ यांचे बफर, म्हणजे छापायचा मजकूर तात्पुरता साठवण्याच्या जागा, वेगळे असतात. पडद्यावर दिसलेली शेवटची ओळ म्हणजे प्रोग्राम तिथेच पडला असं धरू नका. प्रत्येक राइटनंतर फ्लश (साठलेला मजकूर लगेच बाहेर काढणारी आज्ञा) आणि प्रत्येक प्रिंटएफनंतर एफफ्लश लिहा, आणि मगच त्या ओळींचा क्रम वाचायला घ्या.