मुरलेल्या केकची बाजू

श्रोतेहो,

नाताळचा, सुक्यामेव्याने गच्च भरलेला फ्रूटकेक लोकांना आवडतो की नकोसा होतो, याचे एका वाक्यात उत्तर द्याल का, असे संयोजकांनी मला निमंत्रण देताना विचारले होते. मला ते जमले नाही. हा प्रश्न एका केकविषयीचा वाटतो, पण प्रत्यक्षात तो निदान दोन केकांविषयीचा आहे, आणि त्या दोहोंना एकच नाव पडल्यामुळे एकाची बदनामी दुसऱ्याच्या वाट्याला आली आहे, असे माझे मत आहे. ते मत कसे बनले, ते आधी सांगते.

१९९०च्या दशकात मी नोकरीच्या निमित्ताने सहा वर्षे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका लहान गावात राहिले. पहिल्याच डिसेंबरमध्ये कार्यालयातल्या एका सहकारिणीने मला पत्र्याचा गोल, लाल झाकणाचा डबा भेट दिला. आत फ्रूटकेक होता. सुरी घातली तर ती सहजी खाली जाईना, आणि वर काढली तेव्हा तिच्या पात्याला पाकाचा चिकट थर बसला होता. फोडीमध्ये गडद हिरव्या आणि भडक लाल चेरी काचेच्या मण्यांसारख्या चमकत होत्या. तोंडात आधी नुसता गोडवा आला, मागोमाग सालीचा कडवटपणा आला, आणि मसाल्याचा वास मात्र शोधूनही सापडला नाही. मी ती फोड संपवली, पण दुसरी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कळले की, कार्यालयातल्या निम्म्या लोकांनी आपापले डबे न उघडताच पुढे कोणाला द्यायचे ते ठरवून टाकले होते.

त्या बोलण्यामागे एक जुना विनोद होता. ‘द टुनाइट शो’ हा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे चालवला. जगात फ्रूटकेक एकच आहे आणि लोक तोच एकमेकांना पाठवत राहतात, हे त्यांचे म्हणणे अमेरिकेत घरोघरी पोचले. पुढे १९९६मध्ये कोलोरॅडोतल्या मॅनिटू स्प्रिंग्ज या गावात, नाताळ सरल्यावर उरलेले फ्रूटकेक कोण किती लांब फेकतो याची स्पर्धाही सुरू झाली. कोणी हाताने फेकतात, कोणी त्यासाठी गोफणीसारखे यंत्र बनवून आणतात. अन्न फेकण्याचा खेळ मला आजही पाहवत नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण एखाद्या पदार्थाविषयीची नावड केवढी रुजू शकते, ते त्यावरून समजते.

आपल्याकडे दिवाळीत सोनपापडीच्या खोक्याविषयी असेच बोलले जाते. हे खोके या घरातून त्या घरात फिरत राहते आणि ते उघडायला कोणी तयार नसते. या दोन्ही पदार्थांवरचा आरोप नीट तपासला, तर तो त्यांच्या टिकाऊपणावरचा आहे. बासुंदीचे भांडे कोणी न उघडता पुढच्या घरी धाडत नाही, कारण ती आजच्या आज संपवावी लागते. जे टिकते तेच फिरवता येते, आणि जे फिरते ते नकोसे असणार असे आपण गृहीत धरतो.

वास्तविक टिकणे हाच या केकचा मूळ गुण आहे. २०१७मध्ये न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टच्या जतनतज्ज्ञांना अंटार्क्टिकातल्या केप अडेर येथल्या एका जुन्या लाकडी झोपडीत पत्र्याचा गंजलेला डबा सापडला. त्यात हंटली अँड पामर्स या इंग्रज कंपनीचा, कागदात गुंडाळलेला फ्रूटकेक होता. ब्रिटिश शोधप्रवासी कॅप्टन स्कॉट यांच्या १९१० ते १९१३च्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतल्या एका तुकडीने तो तेथे नेला असावा, असे मानले जाते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, डबा खंगला, पण केकचा आकार अभंग होता आणि किंचित खवट लोण्याचा वास वगळता तो खाण्याजोगा भासत होता. थंडीत दिवसच्या दिवस चालणाऱ्या माणसांना साखर, लोणी आणि सुकामेवा एकाच ठोकळ्यात देणारा हा पदार्थ किती मोलाचा वाटत असेल, याची कल्पना मला करता येते.

अमेरिकेलाही हा केक पूर्वीपासून नावडता नव्हता. कवयित्री एमिली डिकिन्सन यांची ‘ब्लॅक केक’ची हस्तलिखित कृती हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. तिच्यात मैदा, साखर आणि लोणी प्रत्येकी २ पौंड, अंडी १९ आणि बेदाणे तब्बल ५ पौंड आहेत. शिवाय ब्रँडी, काकवी, जायफळ, लवंग, दालचिनी. पिठापेक्षा मेवा अधिक, हे प्रमाण पाहिले की पीठ येथे मेव्याला बांधून ठेवण्यापुरतेच आहे हे लक्षात येते. एवढा खर्च आणि एवढी मेहनत कोणी नावडत्या पदार्थासाठी करत नाही.

मग बिघडले कोठे? माझ्या मते, केक घरातून निघून डाकेने जाऊ लागला तेव्हा. टेक्सासमधल्या कॉर्सिकाना येथे १८९६मध्ये एका जर्मन स्थलांतरिताने आणि जॉर्जियातल्या क्लॅक्स्टन येथे १९१०मध्ये एका इटालियन स्थलांतरिताने सुरू केलेल्या बेकऱ्यांनी फ्रूटकेकचे मोठे नाव केले. क्लॅक्स्टन तर स्वतःला जगाची फ्रूटकेक राजधानी म्हणवते. या बेकऱ्या आजही चालू आहेत आणि त्यांचे केक पिढ्यान्‌पिढ्या मागवणारी कुटुंबे आहेत, हे विनोद करणाऱ्यांनी लक्षात घेतलेले नाही. पण या मागणीचा फायदा घेऊन स्वस्तातला माल बाजारात आला, आणि त्यात मेव्याची जागा रंगवलेल्या फळांनी घेतली. त्या हिरव्या-लाल चेरीचे आधी खारवणीत टाकून रंग आणि चव दोन्ही घालवलेले असतात, मग ती पाकात शिजवून रंगवतात. चेरीचे त्यात नावच उरते. माझ्या त्या लाल डब्यात नेमके हेच होते.

तिसऱ्या वर्षी आमच्या इमारतीत त्रिनिदादहून आलेल्या एक बाई राहायला आल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक काचेची मोठी बरणी होती, आणि तिच्यात मनुका, बेदाणे, आलुबुखार हे सारे गेल्या नाताळापासून रममध्ये बुडालेले होते. डिसेंबर लागताच त्यांनी ते वाटून घेतले. मग जाड बुडाच्या पातेल्यात साखर जाळायला ठेवली. आपण कॅरमल करतो तशी नव्हे, तर पार काळी होऊन धूर निघेपर्यंत. तिच्यात कढत पाणी ओतले तेव्हा केवढा चर्रकन आवाज झाला, आणि स्वयंपाकघरभर जो कडू-गोड वास सुटला, तो मला आजही ओळखता येईल. त्या केकला सुरी लावली तेव्हा ती लोण्यातून जावी तशी गेली. मी त्या संध्याकाळी तीन फोडी खाल्ल्या. कॅरिबियन बेटांवर यालाच काळा केक म्हणतात आणि त्याच्यावाचून तेथे नाताळ होत नाही. हाही फ्रूटकेकच, आणि तो लाल डब्यातलाही फ्रूटकेकच.

या दोहोंतला फरक सांगायला मराठीत नेमका शब्द आहे: मुरणे. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, आणि न मुरलेल्या लोणच्याची फोड कोणी पाहुण्याच्या पानात वाढत नाही. फ्रूटकेकचेही तसेच आहे. नुकत्या भाजलेल्या केकमध्ये मेवा वेगळा लागतो, पीठ वेगळे लागते, लवंग एकटीच पुढे येते. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत मेव्यातला ओलावा आणि साखर हळूहळू सभोवतालच्या पिठात उतरते, मसाल्याचा तिखटपणा निवळतो, आणि सारे एकजीव होते. या काळात केक बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात, आठवड्यातून एकदा उघडतात, विणायच्या सुईने त्याला वरून भोके पाडतात आणि चमच्या-दोन चमच्यांनी ब्रँडी किंवा रम मुरवतात. इंग्रज लोक याला केकला भरवणे म्हणतात. साखर पाणी धरून ठेवते आणि मद्य बुरशीला दूर ठेवते, म्हणून तो या काळात खराब होत नाही. ज्यांनी ही वाट पाहिलेली असते, त्यांनी तो केक मनाने आधीच खायला सुरुवात केलेली असते. ज्यांच्या हाती तो अचानक डब्यातून येतो, त्यांना ही वाट पाहणे मिळतच नाही.

ब्रिटनविषयी थोडक्यात सांगते, कारण तेथे हा केक लग्नाचाही आहे. १९४७मध्ये राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नाचा केक ९ फूट उंच होता, आणि देशात रेशन चालू असल्याने त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी सामग्री पाठवली होती. लग्नाच्या केकचा वरचा थर पहिल्या मुलाच्या नामकरणापर्यंत जपून ठेवण्याची रीत टिकाऊपणावरच उभी आहे. २०१८मध्ये राजपुत्र हॅरी यांनी मात्र लिंबू आणि एल्डर या झुडपाच्या फुलांचा केक निवडला, आणि तरुण पिढीची आवड हलक्या केककडे वळली आहे, हे मी मान्य करते.

भारतात हा केक आला, तेव्हा त्याला येथल्या हातांनी आपलेसे केले. केरळात तलश्शेरी येथे मंबळ्ळी बापू यांनी ब्रह्मदेशात शिकलेल्या विद्येवर १८८०मध्ये रॉयल बिस्किट फॅक्टरी काढली. १८८३च्या नाताळाआधी मर्डॉक ब्राउन या दालचिनीच्या मळेवाल्याने त्यांच्यापुढे विलायतेहून आणलेला केक ठेवला आणि असाच करून द्या म्हणाला. ब्राउनने सुचवलेल्या फ्रेंच ब्रँडीऐवजी बापूंनी स्थानिक फळांपासून गाळलेली दारू वापरली, असे त्या घराण्यात सांगतात. कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये १९०२ साली बगदादी ज्यू कुटुंबाने सुरू केलेले नाहूम यांचे दुकान आहे. नाताळच्या दिवसांत तेथल्या केकसाठी सर्व धर्मांची माणसे रांगा लावतात. अलाहाबादचा केक मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात लोण्याबरोबर तूप आहे, कोहळ्याचा पेठा आहे, बडीशेप, सुंठ आणि जायपत्री आहे. तेथे लोक घरचे सामान डब्यांत भरून बेकरीत नेतात आणि समोर बसून केक करवून घेतात. एवढे केल्यावर तो केक नकोसा होणार कसा?

येथे एक खुलासा करणे भाग आहे. आपल्यापैकी अनेकांना फ्रूटकेक म्हणताच चहाबरोबर मिळणारा, पिवळसर, हलका, टुटीफ्रुटी घातलेला तुकडा आठवतो. ती टुटीफ्रुटी बहुतेक वेळा कच्च्या पपईची असते. तो केक मला आवडतो, रेल्वेच्या प्रवासात तर फार आवडतो. पण तो वेगळा पदार्थ आहे, आणि त्याच्या आवडी-नावडीवरून मुरलेल्या केकविषयी काहीच ठरवता येत नाही.

आणि हा केक चांगला मुरलेला असूनही ज्यांना आवडत नाही, त्यांचेही म्हणणे खरे आहे. पाकवलेल्या सालीचा कडवटपणा काही जिभांना सोसत नाही, काहींना मनुका शिजल्यावर मऊ होतात तेच नको असते. माझ्या धाकट्या बहिणीला मी तीस वर्षांत एकही फोड खायला लावू शकले नाही, आणि आता तो आग्रह मी सोडला आहे. माझे भांडण फक्त न चाखता दिलेल्या निकालाशी आहे.

म्हणून या टेबलावर दोन केक आणले आहेत. दोहोंचे साहित्य एक, मापे एक, भट्टीही एकच. डावीकडचा मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाजला आणि दर रविवारी त्यात दोन चमचे रम मुरवली. उजवीकडचा परवा भाजला आहे. ज्यांना मद्य चालत नाही त्यांच्यासाठी संत्र्याच्या रसात भिजवलेल्या मनुकांचा तिसरा, लहान केक खिडकीपाशी ठेवला आहे. अंडे मात्र तिन्हींत आहे. फोडी मुद्दाम पातळ कापल्या आहेत. कृपा करून आधी उजवीकडची खावी, मग घोटभर पाणी प्यावे, आणि नंतर डावीकडची.